गारगोटीची सावली

विट्याच्या बाजारपेठेत पद्मजा चौगुलेने चष्म्याच्या दुकानाचं शटर खाली ओढलं तेव्हा सूर्य मावळून बराच वेळ झाला होता. तरीही ईशान्येकडचं आभाळ पांढरट केशरी होत चाललं होतं, जणू सूर्य काहीतरी विसरून भलत्याच बाजूने परत आला होता. समोरचा भेळवाला त्या उजेडात कांदा चिरत होता. त्याने दिवा लावलेला नव्हता. लोक या उजेडाला परतऊन म्हणत. सरकारी कागदांत त्याचं नाव बरंच लांबलचक होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही.

माणदेशाच्या माळावर सौरऊर्जेचं मोठं केंद्र होतं. सूर्य मावळला की केंद्राचे पत्रे निकामी व्हायचे, आणि नेमकी तेव्हाच घराघरांत विजेची मागणी वाढायची. त्यावर उपाय म्हणून आकाशात आरसे सोडले. केसाहून पातळ, चकचकीत पडद्याचे, एकेक कबड्डीच्या मैदानाएवढा. ते पृथ्वीभोवती इतक्या उंचीवरून फिरत की खाली अंधार पडला तरी त्यांना सूर्य दिसत असे. ते थोडे कलायचे आणि ऊन खाली माळावर फेकायचे. एक आरसा पुढे सरकला की दुसरा त्याची जागा घ्यायचा. सात गावं थेट त्या उजेडात येत आणि आजूबाजूचे तालुके त्याच्या फिकट झळीत. गेली पाचेक वर्षं या भागात संध्याकाळ दोन-अडीच तास उशिरा होत होती. पहाटही तितकीच लवकर.

पद्मजाने शटरला कुलूप लावलं आणि फोन पाहिला. सावल्यांचा माग काढणाऱ्या हौशी निरीक्षकांच्या जगभरच्या मंडळाची ती अजून सभासद होती, पण त्यांचे संदेश तिने उघडायचे सोडून दिले होते. आज मात्र मथळ्यातला एक क्रमांक पाहून ती दुकानाच्या पायरीवरच बसली.

नवरा भरत स्कूटर घेऊन आला तेव्हाही ती तिथेच होती.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"गारगोटी परत येतेय," ती म्हणाली.

भरतने स्कूटर बंद केली. लग्नाच्या पहिल्या वर्षीच त्याने ही गोष्ट ऐकली होती, आणि नंतरही कितीदा तरी. "कुठून जाणार सावली?"

"माळावरून. अगदी माळावरूनच."

त्याने ईशान्येकडे बघितलं. "पण तिथं तर..."

"हो ना," पद्मजा म्हणाली.

*

गारगोटी हे त्या वस्तूचं खरं नाव नव्हतं. तिला नुसता एक क्रमांक होता. नेपच्यूनच्याही पलीकडे, जिथून सूर्य म्हणजे एक झगझगीत ठिपका दिसत असेल, तिथे बर्फाचे असंख्य गोळे फिरतात. आपलं ग्रहमंडळ तयार झालं तेव्हाचा उरलेला माल. हा त्यांतलाच एक, काहीशे किलोमीटर रुंदीचा. मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतूनही तो टिंबाएवढाच दिसायचा. अशा वस्तूची मापं घ्यायची एक जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. फिरता फिरता ती एखाद्या दूरच्या ताऱ्यासमोरून जाते आणि तारा काही क्षण झाकला जातो. याला पिधान म्हणतात. ताऱ्याच्या उजेडात त्या वस्तूची सावली पृथ्वीवर पडते, वस्तूच्याच आकाराची, आणि ढगाच्या सावलीसारखी जमिनीवरून सरकत जाते. त्या वाटेवर ठिकठिकाणी माणसं दुर्बिणी लावून बसली, आणि तारा कधी गेला, कधी परत आला हे प्रत्येकाने टिपलं, की त्यावरून वस्तूचा आकार काढता येतो. अब्जावधी किलोमीटरवरच्या बर्फाचं माप शेताच्या बांधावर बसून मिळतं. मात्र सावली पडते तिथे जाऊन बसावं लागतं. ती तुमच्याकडे येत नाही.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी पद्मजा सांगलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होती. हेरवाडे सरांनी तिथे आकाशमंडळ चालवलं होतं. दुर्बीण विकत घेणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून सरांनी मुलांनाच काच घासून दुर्बिणीचा आरसा करायला बसवलं. बहुतेकांनी आठवड्याभरात अंग काढून घेतलं. उरले दोघं, पद्मजा आणि नासिर शिकलगार.

नासिर गारगोटी गावचा. त्याचे आजोबा तलवारींना आणि विळ्यांना धार लावायचे. "आमच्यात लोखंड घासतात, मी काच घासतो," असं तो म्हणायचा. वसतिगृहाच्या व्हरांड्यात पिंपावर काच ठेवून दोघं आळीपाळीने तिच्याभोवती फिरत. ओल्या भुकटीचा खरखर आवाज दुपारभर चालायचा. बोटांना कायम करडा रंग. नासिर मध्येच थांबून काचेला कान लावायचा आणि म्हणायचा, "अजून रागात आहे." आरसा पुरा झाला त्या दिवशी त्याने पद्मजाला त्यात तिचा चेहरा उलटा दाखवला होता, आणि दोघं उगीचच खूप हसले होते.

त्या वयात दोघांमध्ये जे होतं त्याला त्यांनी नाव दिलं नाही. घरं वेगळी होती, रिवाज वेगळे होते, आणि दोघांनाही आपापली घरं प्रिय होती.

पिधानाची बातमी आली ती जूनच्या तोंडावर. सावलीची वाट माणदेशावरून जाणार होती. वस्तूचा क्रमांक लक्षात राहीना, म्हणून सगळ्यांनी नासिरची चेष्टा करत तिला गारगोटी म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव चिकटलं. सरांनी दोघांना दोन ठिकाणी पाठवलं, एक दुर्बीण घासलेल्या आरशाची, दुसरी उसनी आणलेली. आभाळ भरून आलं होतं. वाटेवरचे बाकी सगळे निरीक्षक ढगाखाली सापडले. नासिरही. पद्मजाच्या माथ्यावर मात्र एक खिडकी उघडी राहिली.

बर्फाच्या गोळ्यामागे तारा जातो तेव्हा बटण दाबल्यासारखा विझायला हवा. पद्मजाचा तारा तसा विझला नाही. तो मंदावत गेला. कंदिलाची वात कुणी सावकाश खाली करावी तसा. येतानाही तसाच हळूहळू आला.

याचा अर्थ एकच होता. गारगोटीला हवा होती. अगदी विरळ, पण हवा. एवढ्या लहान गोळ्याला, इतक्या थंडीत, ती असायला नको होती. असली तर त्याच्या पोटात अजून ऊब होती, आणि ग्रहमंडळाच्या टोकाला जे सगळं थिजून गेलंय असं आपण धरून चाललो होतो, त्यातलं काही तरी अजून श्वास घेत होतं.

तिने नासिरला एसटी स्टँडवरून फोन केला. रात्रभर ढगाखाली बसून तो चिडला असेल अशी तिला भीती होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला दिसलं ना? मग आहे हवा."

बाहेरच्या तज्ज्ञांनी तसं म्हटलं नाही. त्यांचा शेरा सभ्य होता. एकच नोंद, पावसाळी आभाळ, बहुधा ताऱ्यावरून पातळ ढग गेला असावा. सरांनी दोनदा लिहिलं. मग विषय संपला. पद्मजा पास झाली, लग्न होऊन विट्याला आली, भरतच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढू लागली. नासिर इंजिनियर झाला आणि अवकाशातले आरसे बनवणाऱ्या कंपनीत लागला. दिवाळीला आणि ईदला फोन व्हायचे. आरशांची योजना माळावर येणार म्हणून जाहीर सुनावणी झाली तेव्हा पद्मजा विरोधात बोलायला उभी राहिली. मंचावर नासिर बसला होता. "ज्यांनी आभाळ बघायला आरसे घासले, तेच आता आरशांनी आभाळ पुसायला निघालेत," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. त्यानंतर फोन बंद झाले.

*

"जाऊन तर बघ नासिरकडे. आरसे फिरवणाऱ्या केंद्राचा प्रमुख तोच आहे आता," भरत म्हणाला. "नाही म्हणेल. खाणार तर नाही."

केंद्राच्या फाटकावर पद्मजाने नाव सांगितलं आणि नासिर स्वतः बाहेर आला. केस पिकलेले, चष्मा लागलेला. तिने आधी चष्माच पाहिला.

"फ्रेम वाकडी बसलीय तुझी," ती म्हणाली.

"कोल्हापुरात घेतली. तुझ्याकडं यायला तोंड कुठं होतं?"

त्याने तिला आत नेलं. भिंतभर पडद्यावर आरशांच्या रांगा सरकत होत्या. चहा आला. दोघांनीही सुनावणीचा विषय काढला नाही. पद्मजाने थेट सांगितलं, जानेवारीत, संक्रांतीनंतर, सूर्य मावळून तासाभराने गारगोटी एका ताऱ्यासमोरून जाणार आहे. सावलीची मध्यरेषा माळावरून.

"मग कडेला बस ना. पुण्याहून दिसेल, सोलापूरहून दिसेल. तिथं आमचा उजेड नाही."

"ते बसणारच आहेत. तारा मंदावलेला त्यांनाही दिसेल. पण शंका घेणारे म्हणतील, भोवती धूळ असेल. धुळीनेही तारा मंदावतो." ती पुढे सरकली. "नासिर, हवा भिंगासारखी वागते. गोळ्याच्या चारी बाजूंनी हवा असेल, तर तिच्यातून जाणारा प्रकाश आत वाकतो. सगळीकडून वाकलेला तो प्रकाश सावलीच्या अगदी मध्यावर एकत्र येतो. म्हणजे मध्यरेषेवर जो बसलेला असेल, त्याला तारा पूर्ण झाकलेला असताना, ऐन मधोमध, क्षणभर उजळलेला दिसेल. धूळ हे करू शकत नाही. फक्त हवाच करते. आणि तो पट्टा फार तर दोन-चार किलोमीटरचा. पूर्वेला त्या दिवसांत ढगांचा भरवसा नाही, पश्चिमेला आधी तुमचाच उजेड, मग घाटातलं धुकं, मग समुद्र. हा माळच आहे फक्त."

"परत कधी?"

"आपल्या हयातीत नाही."

नासिर पडद्याकडे बघत राहिला. "आरसे म्हणजे दिवा नव्हे, पद्मा. ते फिरवून कडेवर उभे करावे लागतात. शेकडो आहेत. फिरताना त्यांचा झोत भलत्या ठिकाणी जायला नको, विमानांना कळवावं लागतं, वीज मंडळाला कळवावं लागतं."

"म्हणजे होत नाही?"

"होतं. पण मी करू शकत नाही. करारात उजेड हा गावांचा हक्क आहे. गावांनी मागितलं तरच एका संध्याकाळपुरता अंधार देता येतो. तसं कलम आहे." तो थोडा हसला. "आजवर कुणी मागितला नाही."

*

सात गावांतलं तरसमाळ मोठं. बाकीच्यांनी सांगितलं, तरसमाळ हो म्हणालं तर आम्हीही हो. सरपंच वैशाली लेंगरे यांनी ग्रामसभेत विषय घेतला. पद्मजाला वाटलं होतं तेवढा विरोध सुरुवातीला झालाच नाही. मेंढपाळ म्हणाले, परतउनात मेंढरं बसत नाहीत, उभीच राहतात, एक दिवस तरी टेकतील. एका शेतकऱ्याने सांगितलं, शाळू पाच वर्षांत धड पोटरीला आला नाही, कणीसच धरत नाही, त्याला लांब रात्र लागते. केंद्राकडून नासिर आला होता. तो मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होता.

मग हौसाबाई गळवे उभ्या राहिल्या. साठी उलटलेली, ताठ बाई.

"ताई, तुमी शिकल्याल्या हायसा," त्या म्हणाल्या. "तुमास्नी अंधाराचं कवतिक. माजा तानाजी पिकाला दारं धराया गेलता. लाईट रातचीच यायची तवा. घोणस चावली. कंदील विजला हुता, कुटं पडलाय ते गावंना कुनाला. उजाडल्यावर गावला. ह्यो उजेड आला तवापास्नं ह्या गावात किरडानं एक मानूस गेल्यालं न्हाई. अन् तुमी म्हंता इजवा."

पद्मजा उत्तर द्यायला उठली होती. ताऱ्यांबद्दल, विज्ञानाबद्दल, मुलांना आभाळ दिसण्याबद्दल तिने पुष्कळ तयारी केली होती. त्यातलं काहीच तिला सांगावंसं वाटेना. सात वर्षांपूर्वी सुनावणीत ती मोठ्या तोऱ्यात बोलली होती, तेव्हा ही बाई कुठेतरी मागे बसली असेल असा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

"मावशी, तुमचं खरं आहे," ती म्हणाली. "आम्ही विषय मागे घेतो." आणि ती खाली बसली.

वैशालीताई पुढचा विषय घेणार, तोच नासिर उठला.

"मावशी," त्याने विचारलं, "काय केलं तर तुमच्या जिवाला घोर लागणार न्हाई?"

हौसाबाईंना हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. त्यांनी पदराचं टोक पिळलं, सोडलं.

"समदी मानसं शाळंच्या पटांगनात बसवा," त्या म्हणाल्या. "लेकरं, म्हातारी, समदी. शिवारात कुनी पाय टाकायचा न्हाई. दवाखान्याची गाडी उभी पायजे. अन् मी बी बसनार, त्या ताईच्या जवळ."

"दुर्बिणीतनं बघायचंय?"

"दुर्बीन तुमची तुमी बगा. मला अंधार बगायचाय. त्यो तसाच हाय का अजून."

*

ठराव झाला. बाकीच्या गावांनीही केला. पद्मजाने नकाशा मांडला तेव्हा एक अडचण उरली. मध्यरेषा किती अचूक आहे याची खात्री नव्हती. ती तरसमाळवरून जाईल किंवा दक्षिणेला केंद्रामागच्या टेकडीवरून. दोन्ही ठिकाणी माणूस हवा होता.

"टेकडीवर कोण?" नासिरने फोनवर विचारलं.

"कुणी नाही. पुण्याच्या लोकांना त्यांची त्यांची ठिकाणं आहेत."

"मी बसतो."

"तू? त्या वेळी तुला आत थांबायला हवं ना?"

"हवं. प्रमुखाने खोली सोडायची नाही असा नियमच आहे. पण आरसे माझी पोरं फिरवतात. माझ्यापेक्षा चांगली. मी आत बसून नुसती सही करणार. पद्मा, त्या वेळी माझ्यावर ढग होता. मी तुझ्या शब्दावर ठेवलेला विश्वास सगळ्यांना सांगत फिरलो, पण मला दिसलं काहीच नव्हतं."

"तुझ्याकडे दुर्बीण आहे?"

"आपली आहे की. आरशावर नवा मुलामा चढवून आणलाय. त्यालाही दोन महिने झाले."

दोन महिन्यांपूर्वी ती अजून त्याच्याकडे गेलीही नव्हती. म्हणजे मंडळाचा संदेश त्यालाही आला होता. ती कधी येते याची तो वाट बघत होता.

*

संक्रांतीनंतरच्या त्या संध्याकाळी तरसमाळच्या शाळेचं पटांगण भरलं. सतरंज्या अंथरल्या होत्या. कुणी हुरडा आणला होता, कुणी तिळाच्या वड्या. भरतने दुर्बीण लावायला मदत केली. मोठ्या दुर्बिणीला कॅमेरा होता. शेजारी लहान दुर्बीण पद्मजाच्या डोळ्यासाठी. हौसाबाई शेजारीच एका पोत्यावर बसल्या होत्या, हातात विजेरी घेऊन. विजेरी बंद ठेवायची हे त्यांनी कबूल केलं होतं, पण हातातून सोडायचं नाही हेही सांगितलं होतं.

सूर्य मावळला. नेहमीप्रमाणे परतऊन चढलं. थोडा वेळ गेला, आणि मग पूर्वेच्या आभाळातले आरशांचे झगझगीत ठिपके एकेक करून बारीक व्हायला लागले. माळावरचा उजेड पातळ झाला. दूरच्या बाभळी आधी करड्या झाल्या, मग नाहीशा. शेवटचा ठिपका गेला तेव्हा कुत्री एकदम भुंकली आणि पटांगणात एक बारीक कुजबूज पसरली. लहान मुलं आयांना चिकटली. पाच वर्षांखालच्या कुणीच हे पाहिलेलं नव्हतं.

मग एकेक तारा येत गेला. थोडा वेळ मोजण्यासारखे होते, नंतर तेही राहिले नाहीत. गोठाणाकडून मेंढरांच्या बसण्याचा, अंग टाकण्याचा आवाज आला. एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "ते बगा तिकांडं," आणि सगळ्यांच्या माना पूर्वेकडे, एका ओळीतल्या त्या तीन ताऱ्यांकडे वळल्या. पद्मजाही तिकडेच बघत होती. वसतिगृहाची गच्ची, हेरवाडे सरांची टोपी, नासिरने चोरून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा, जूनची ओली हवा, ही सगळी याच आभाळाखाली होती. आभाळ गेलं तेव्हा ती कुठे ठेवावीत हे तिला कळेनासं झालं होतं.

"मावशी, ठीक आहात ना?" तिने हळूच विचारलं.

"हाय." हौसाबाई वर बघत होत्या. मग म्हणाल्या, "तानाजी झाला तवा असाच हुता. दायी यायची हुती, मी बाहीर बाजंवर पडल्याली. वर ह्येच समदं." विजेरी त्यांच्या मांडीवर पडली होती. हात दोन्ही मोकळे होते.

वेळ जवळ आली. पद्मजाने डोळा लावला. वृषभ राशीतला एक साधासा तारा, नाव नसलेला, शांत.

तो मंदावला.

झटकन नाही. वात खाली होत जावी तसा. अठ्ठावीस वर्षं लोकांनी तिला ढग सांगितला होता, आणि कधीकधी पहाटे जाग आल्यावर तिनेही तो खरा मानला होता. आज वर ढग नव्हता. तारा मंदावला आणि गेला. आता मधला क्षण. ती वाट बघत राहिली. काळोख. काळोखच. मग काळोखाच्या कडेतून तारा हळूहळू, गेला तसाच, परत आला.

मध्ये काही उजळलं नव्हतं.

भरतने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दिसलं?"

"मंदावला. तसाच," ती म्हणाली. "पण मध्ये काही नाही. मध्यरेषा इथून गेली नाही."

किंवा हवाच नसेल, धूळच असेल, हे तिने मनातच ठेवलं. फोन वाजला.

"पद्मा." नासिरचा आवाज ओळखू येत नव्हता. "तुझ्याकडं?"

"मंदावला. मध्ये काही नाही."

पलीकडून तिला टेकडीवरचा वारा ऐकू आला.

"ये इकडं," तो म्हणाला. "इकडं उजळला."

*

पुढे व्हायचं ते झालं. दोघांच्या नोंदी पुण्याच्या, सोलापूरच्या नोंदींना जोडल्या गेल्या आणि गारगोटीला हवा आहे हे जगाने मान्य केलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची जुनी नोंदही तपासून खरी धरली गेली, आणि तिच्यामुळेच कळलं की एवढ्या काळात ती हवा विरत चाललीय. सूर्यापासून लांब जाताना ती बर्फ होऊन गारगोटीच्याच अंगावर पडतेय. आणखी काही वर्षांनी तिथे हवा उरणार नव्हती. पाहायला मिळाली ती याच पिढीला. नियम मोडून खोली सोडल्याबद्दल नासिरचं प्रमुखपद गेलं आणि त्याला दुय्यम कामावर बसवलं. त्याने तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी सात गावांनी मिळून शाळू पोटरीला येतो त्या आठवड्यांसाठी अंधार मागितला आणि त्यांना तो मिळाला. बाकी वर्षभर परतऊन राहिलं, आणि हौसाबाईंचा त्याला पाठिंबाही राहिला.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. पद्मजा आणि भरत टेकडीकडे निघाले तेव्हा पूर्वेला पहिला आरसा परत पेटला. टेकडीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत माळावर पुन्हा सावल्या पडायला लागल्या होत्या. भरत गाडीतच थांबला. "तू जा," म्हणाला. "मी थोडा पडतो."

नासिर दुर्बिणीशेजारी दगडावर बसला होता. चष्मा काढून हातात धरलेला. डोळे ओले होते आणि ते त्याने लपवले नाहीत. पद्मजा समोरच्या दगडावर बसली. वाटेत तिला क्षणभर वाईट वाटलं होतं. जे तिने आयुष्यभर शोधलं ते तिला नाही, त्याला दिसलं. त्याच्याकडे पाहिल्यावर ते वाईट वाटणं कुठे गेलं ते तिला कळलं नाही.

"रेकॉर्डिंग आहे," तो म्हणाला. "लावतो, थांब."

"नंतर," पद्मजा म्हणाली. "आधी तू सांग. सुरुवातीपासून."

नासिरने चष्मा पुसला, घातला, आणि सांगायला लागला. तारा कसा बारीक होत गेला, गेला तेव्हा त्याला वाटलं की संपलं, डोळा काढावा की नको असं झालं, आणि मग त्या काळोखात, ऐन मध्ये, कुणीतरी आतून दार किलकिलं करावं तसा तो उजळला, आधी होता त्याहून जास्त, आणि तो मोठ्याने काहीतरी ओरडला, काय ते त्याला आठवत नव्हतं.

"किती वेळ?"

"नाव घेण्याएवढा."

"कुणाचं?"

तो हसला.

खाली माळ लख्ख झाला होता. गावाकडून माणसांच्या परतण्याचे, एकमेकांना हाका मारण्याचे आवाज येत होते. पद्मजाने पाय पोटाशी घेतले आणि हनुवटी गुडघ्यांवर टेकली, कॉलेजातल्यासारखी.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

आणि नासिरने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.